तुमच्या खोकल्याकडे कोण बघणार?

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात. एका शेगडीवर तवा, दुसरीवर आमटीची फोडणी. तेल जरा जास्तच तापतं, मोहरी तडतडते, त्यात मिरची पडते आणि तुम्हाला असा काही ठसका लागतो की डोळ्यांतून घळाघळा पाणी! बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, "अगं, काय जाळलंस? खिडकी उघड की!" तुम्ही पदराने नाक-डोळे पुसता, खिडकी उघडता आणि पुन्हा पोळी लाटायला घेता. बाहेरच्यांचा ठसका दोन मिनिटांत थांबतो. तुम्ही मात्र तिथेच, त्याच हवेत, आणखी तासभर उभ्या असता.

आता जरा आठवून बघा, मैत्रिणींनो. धाकट्याला दोन दिवस खोकला झाला तर तुम्ही तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दारात असता. सासूबाईंना धाप लागली तर रात्री-अपरात्री रिक्षा बोलावता. आणि तुमचा स्वतःचा खोकला? "अहो, फोडणीचा ठसका तो!" असं म्हणून तुम्हीच तो उडवून लावता. खरं ना?

हे मी उगीच सांगत नाही. आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे.

दसरा ते संक्रांत

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोठ्या जाऊबाईंना, मी त्यांना ताई म्हणते, दसऱ्याच्या सुमाराला खोकला सुरू झाला. आम्ही म्हटलं, हवा बदलली आहे. मग दिवाळीची झाडलोट आली. आम्ही म्हटलं, धूळ गेली असेल. मग चकल्या-करंज्यांचं तळण झालं. म्हटलं, तेलाच्या धुराने घसा धरला. मग फटाके झाले, मग थंडी आली. खोकला तोच होता, कारण मात्र आम्ही दर पंधरा दिवसांनी नवं शोधत होतो!

घरातली काढ्याची तज्ज्ञ मी. आलं, तुळस, गवती चहा, चार मिरी, वर गूळ, असा पेला रोज रात्री त्यांच्या हातात द्यायची. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, "तुझ्या काढ्याने जरा बरं वाटतं गं." मला कोण अभिमान! त्यांचे ब्लाउज सैल व्हायला लागले होते, संध्याकाळी अंगात कणकण असायची, रात्री घामाने उशी ओली व्हायची. हे सगळं त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "बारीक झालात हो, छान दिसतंय!" त्याच आठवड्यात त्यांच्या रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला.

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला.

सहा महिने औषधं नेमाने घेऊन ताई अगदी ठणठणीत बऱ्या झाल्या, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण ते तीन महिने माझ्या मनातून जात नाहीत. माझ्या काढ्याने त्यांचं वाईट केलं नाही. पण त्याच्या आधारावर आम्ही सगळे निर्धास्त राहिलो. घरगुती उपाय करावेत, जरूर करावेत. मात्र कोणता उपाय कशासाठी आणि किती दिवस, एवढं माहीत हवं. फुप्फुसांची काळजी म्हणजे कपाटातला काढा, असा आपला समज असतो. त्या काळजीचा फार मोठा भाग घरातल्या हवेशी असतो आणि ती हवा बरीचशी आपल्याच हातात असते.

फुप्फुसं काय करतात?

शाळेत शिकलो होतो, पण एकदा उजळणी करू या. आपण मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास! उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. आत श्वासनळीला फांद्या फुटत फुटत शेवटी हवेचे इवलेसे फुगे असतात, कोट्यवधी. तिथे प्राणवायू रक्तात शिरतो.

या नळ्यांना आतून केसासारखी अगदी बारीक लव असते आणि तिच्यावर चिकट स्रावाचा पातळ थर. धूळ, जंतू त्या थराला चिकटतात आणि ही लव ते सगळं सतत वर, घशाकडे ढकलत राहते. म्हणजे देवाने आत एक केरसुणीच ठेवून दिली आहे म्हणा ना! विडी-सिगारेटच्या आणि इतर धुराने ही केरसुणी लुळी पडते. मग कचरा आतच साठतो आणि तो काढायला खोकावं लागतं. म्हणून खोकला हा शत्रू नव्हे. तो वर्दी देणारा आहे. वर्दी दाबून टाकायची नसते, ती कशाची आहे ते बघायचं असतं.

आणि एक. "फुप्फुसं धुऊन काढणारा" काढा, चहा किंवा गोळी जगात नाही. आपण जे पितो ते अन्ननलिकेतून पोटात जातं, श्वासनळीत नाही. (चुकून गेलंच तर काय ठसका लागतो ते ठाऊकच आहे!) धुळीत काम केल्यावर गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. गूळ खा, गोड लागतो, घशाला बरं वाटतं. पण धूळ काढायला तो छातीत जात नाही. आतली केरसुणी आपलं काम करतेच. आपण फक्त तिच्यापुढे कमी कचरा टाकायचा.

पहिली जागा स्वयंपाकघराची

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात ३२ लाख माणसं दगावली. त्यांतली पाच वर्षांखालची मुलं दोन लाखांहून अधिक. हा धूर मुख्यतः लाकूड, गोवऱ्या, कोळसा आणि रॉकेल यांचा. आपल्याकडे २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कितीतरी घरांत सिलिंडर पोचला. तरीही गॅस परवडत नाही म्हणून भाकरी चुलीवर आणि चहा गॅसवर असं दोन्ही चालू असलेली घरं पुष्कळ आहेत. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या म्हाताऱ्या बायकांना कायमची धाप लागते, त्यांतल्या कित्येकींच्या पाठीशी चुलीसमोर फुंकणी घेऊन काढलेली तीस-चाळीस वर्षं असतात.

"आमच्याकडे गॅस आहे," असं तुम्ही म्हणाल. उत्तम! पण अंघोळीच्या पाण्याचा बंब? त्यात लाकडाच्या ढलप्यांबरोबर पेटवण म्हणून दुधाच्या पिशव्या, चपलांचे तुकडे, प्लास्टिक जातं की नाही? तो धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. बंब पेटवायचाच असेल तर अंगणात, कोरड्या लाकडावर, आणि प्लास्टिक अजिबात नको.

गॅसच्या ज्योतीतूनही थोडे त्रासदायक वायू निघतात आणि तापलेल्या तेलाचा धूर तर असतोच. तेव्हा या सवयी लावून घ्या.

तेलातून धूर निघायची वाट पाहू नका. मोहरीचा एक दाणा टाकून बघा, तडतडला की पुरे. फोडणी देऊन लगेच झाकण ठेवा.

बाहेर हवा फेकणारा पंखा फोडणीच्या वेळी घाईघाईने लावण्यात अर्थ नाही. गॅस पेटवायच्या आधी तो लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी. हवेला आत यायला वाट नसेल तर पंखा बाहेर तरी काय फेकणार? त्याच्या पात्यांवरचा चिकट थर महिन्यातून एकदा सोडा आणि गरम पाण्याने काढा.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करताना मिरच्या भाजायचं काम गच्चीवर किंवा अंगणात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करा. नाकावर ओला पदर घेण्यापेक्षा साथीच्या दिवसांतले ते नाकातोंडाचे मास्क कपाटात पडलेले असतील, ते काढा. कोणाला दमा असेल तर तिला या कामातून सरळ सुट्टी द्या. मसाला तिच्यावाचून अडत नाही!

देवघरातला आणि बिछान्याजवळचा धूर

यावर लिहिताना मला जरा धाकधूक होते, कारण संध्याकाळचा धूप हा आपल्या मनाचा विषय आहे. पण फुप्फुसांना धूर कशाचा आहे ते कळत नाही. धूप, उदबत्ती, कापूर, कडुनिंबाचा पाला, जे जळतं त्यातून बारीक कण निघतात. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे आणि त्याहूनही लहान असतात, म्हणून नाकातल्या केसांना न जुमानता ते थेट खोल जातात. उपाय सोपा आहे. एक उदबत्ती पुरे, पुडका नको. ती लावताना खिडकी उघडी ठेवा आणि घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर निरांजनावर भागवा. वासाचं म्हणाल तर चार मोगऱ्याची फुलं ठेवा.

मच्छर अगरबत्तीचं तर विचारूच नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक पूर्ण कॉइल जळताना निघणारे बारीक कण मोजले, तेव्हा ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले. आणि आपण ती खिडक्या बंद करून मुलांच्या उशाशी लावतो! डास हवेत असं मी मुळीच म्हणत नाही. डेंग्यू-मलेरिया काही कमी त्रासाचे नाहीत. पण मच्छरदाणी, खिडकीला जाळी आणि कुंडीखालच्या ताटलीतलं, कूलरमधलं पाणी आठवड्याला रिकामं करणं, या तिन्ही गोष्टींना धूर नाही.

थंडीत खोली उबदार करायला निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन दार लावून झोपणं तर जिवावर बेततं. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. हाच धोका बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅसच्या गिझरचा. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. अंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, तर कपड्यांची वाट न बघता आधी दार उघडा.

केरवारे, ओल आणि कबुतरं

कोरड्या झाडूने जोरजोरात केर काढला की धूळ जमिनीवरून उठते आणि तासाभराने पुन्हा तिथेच बसते. मधल्या वेळात ती आपल्या नाकात असते. फर्निचर ओल्या फडक्याने पुसा, झाडू हलक्या हाताने फिरवा, लगेच फरशी पुसून घ्या. पंख्यावरची धूळ काढताना पात्यावर जुन्या उशीचा अभ्रा चढवून ओढून घ्या, सगळी धूळ आत राहते. गाद्या-गोधड्या पंधरा दिवसांनी कडक उन्हात टाका. त्यांतले डोळ्यांना न दिसणारे किडे अनेकांच्या शिंका आणि दम्याचं कारण असतात.

पावसाळ्यात भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उठतात ती बुरशी. तिचे कण हवेत उडतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवा, ओले कपडे निजायच्या खोलीत वाळत घालू नका, आणि गळती असेल तर रंग देण्याआधी ती दुरुस्त करून घ्या. नाहीतर रंगाचे पैसे पाण्यात.

गॅलरीतल्या कबुतरांना दाणे घालणं ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचं आहे. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, तो उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे तुम्ही वाचलं असेलच. पण एवढं पक्कं की वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज नाकात गेली तर काही जणांची फुप्फुसं सुजतात आणि हळूहळू निबर होतात. तेव्हा गॅलरी झाडताना विष्ठा कोरडी खरवडू नका. आधी पाण्याने भिजवा, नाक झाका, मग काढा. आणि जाळी लावून घ्या.

एक महत्त्वाची सूचना. संडास जास्त स्वच्छ व्हावा म्हणून ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड ही दोन्ही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मिनिटभरात घसा आवळतो, छाती जळजळते. एका वेळी एकच वस्तू वापरा, दार-खिडकी उघडी ठेवा.

आजीचा बटवा: काय ठेवावं, काय सोडावं

आता तुम्ही वाट बघत होता तो विषय!

मध. साध्या सर्दी-खोकल्यात निजताना अर्धा ते एक चमचा मध घेतला तर घशाची खवखव कमी होते, झोप लागते. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटभरसुद्धा चाटवू नका. जन्मल्यावर मध चाटवायची पद्धत आहे, ती मोडायलाच हवी. मधातल्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाच्या अंगातली शक्ती जाण्याचा क्वचित, पण मोठा धोका असतो.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गरम पाणी, आलं-गवती चहा, हळदीचं दूध. घशाला आराम, पोटाला ऊब. पाणी भरपूर प्यायलं की कफ सुटायला मदत होते. निर्धास्त घ्या.

वाफारा. चोंदलेलं नाक मोकळं होतं. त्याने जंतू मरत नाहीत आणि वाफ काही छातीच्या तळापर्यंत जात नाही. भाजण्याचे अपघात मात्र फार होतात. पातेलं स्टुलावर ठेवून लहान मुलाला त्यावर वाकवू नका. मोठ्यांनीसुद्धा पातेलं भक्कम जागी ठेवूनच वाफ घ्यावी.

अडुळसा. आजीचं खरंच कौतुक वाटावं असं हे झाड. त्याच्या पानांतल्या वासिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. पण झाडपाला म्हणून तो सगळ्यांना चालतो असं नाही. दिवस गेलेले असताना अडुळसा घेऊ नये.

ज्येष्ठमध. तुकडा चघळला तर घशाला छान. रोज, भरपूर, महिनोन् महिने घेतलं तर रक्तदाब वाढतो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी दूरच राहावं.

कापूर. पुरचुंडी हुंगणं वेगळं आणि ती बाळाच्या पाळण्यात ठेवणं वेगळं. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

धुरी आणि नाकात तेल. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बाळंतशोपा यांची धुरी आणि न्हाऊ घातल्यावर बाळाच्या नाकात तेलाचे दोन थेंब, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. करणाऱ्यांची माया खोटी नव्हे. पण नवजात बाळाच्या नळ्या केवढ्याशा! धुराने त्या आकसतात, आणि नाकातलं तेल छातीत उतरलं तर त्याने न्युमोनिया होतो. मालीश करा, शेकायचं तर कोमट कपड्याने हलकेच शेका. धुरी आणि नाकातलं तेल मात्र सोडा. सासूबाईंना पटत नसेल तर बाळाच्या डॉक्टरांकडे त्यांनाही बरोबर न्या. त्यांच्या तोंडून ऐकलं की पटतं!

सिगारेट कोणाची, धूर कोणाचा?

नवरा गॅलरीत उभा राहून सिगारेट ओढतो, म्हणून आपण समाधान मानतो. वारा आत येत असेल तर धूरही आत येतो. गरोदर बाईच्या भोवती धूर असला तर बाळाचं वजन कमी भरतं. मुलांना खोकला, कानाचे आजार, दमा यांचा त्रास वाढतो. भांडून फारसं साधत नाही, हे माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक. घरात, गॅलरीत आणि गाडीत ओढायची नाही, एवढा एक नियम तरी करा. सोडायची इच्छा दिसली की डॉक्टरांकडे न्या. त्यासाठी औषधं आणि सल्ला दोन्ही मिळतं.

आणि आपल्या बायकांचंही बोलायलाच हवं. मिश्रीची सवय अजून कितीतरी घरांत आहे. तोंडाच्या कर्करोगाची भीती तर आहेच, पण ती तव्यावर भाजताना सगळ्या घराला तंबाखूचा धूर पाजला जातो, त्याचं काय?

दहा मिनिटं स्वतःसाठी

व्यायामाने फुप्फुसं मोठी होत नाहीत. पण छातीचे आणि पोटाचे स्नायू, हृदय, पाय ही सगळी मंडळी तरबेज होतात आणि तेवढ्याच श्वासात जास्त काम होतं. रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकी चाल हवी.

दुपारी आडवं होताना एक हात पोटावर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या, पोटावरचा हात वर आला पाहिजे. मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून हळूहळू सोडा. घेताना दोन आकडे मोजा, सोडताना चार. पाच मिनिटं पुरेत. धाप लागणाऱ्या माणसाला ही फुंकर फार उपयोगी पडते, जिना चढतानासुद्धा. चक्कर आली तर थांबा. पाण्याची बादली उचलताना आपण श्वास रोखतो. तो रोखू नका, उचलताना सोडा.

आता मुद्द्याचं

दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यायची. कारण शोधत बसायचं नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयाची औषधं मोफत मिळतात. उपचार चालू असताना सकस आहारासाठी सरकारकडून दरमहा पैसेही मिळतात. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. थुंकी देताना तोंडातली लाळ नको. दीर्घ श्वास घेऊन खोल खोकून छातीतून आलेला बेडका हवा. नाहीतर तपासणी फुकट जाते.

खोकल्यात रक्त, रोज संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कारण नसताना उतरलेलं वजन, छातीत दुखणं, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. बोलताना वाक्य पुरं होत नाही इतकी धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर त्याच क्षणी दवाखाना.

दमा निघाला आणि डॉक्टरांनी पंप दिला तर "एकदा लागला की सुटत नाही" म्हणून तो कपाटात लपवू नका. पंपाचं औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून गोळीपेक्षा फार थोडं लागतं. त्याची नशा लागत नाही. पंप घेतल्यावर चूळ भरा, म्हणजे तोंड येत नाही. लग्न ठरायचंय म्हणून मुलीचा पंप लपवणारी घरं मी पाहिली आहेत. बिनपंपाचा दमा जास्त दिसतो, आणि जास्त धोक्याचा असतो.

आमच्या ताईंनी निदान झाल्याच्या दिवशी सगळ्यात आधी काय केलं ठाऊक आहे? स्वतःचं ताट-वाटी-पेला वेगळा काढून कोपऱ्यात ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं! डॉक्टर रागावले. म्हणाले, "क्षय भांड्यांतून पसरत नाही. खोकताना तोंडावर रुमाल धरा, खिडक्या उघड्या ठेवा, एकही गोळी चुकवू नका. नेमाने औषध घेतलं की थोड्याच आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही." आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. ती वाटी मी त्याच संध्याकाळी धुऊन पुन्हा मांडणीत ठेवली.

नंतर एकदा मी त्यांना विचारलं, "ताई, रात्रीचा घाम, ताप, तुम्ही बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "अगं, दिवाळी होती. मग परीक्षा होत्या. मग हळदीकुंकू. मध्ये वेळ कुठे होता?"

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात हा वेळ नसणार. तो कोणी आणून देणार नाही, काढावाच लागेल. आज भाजी फोडणीला टाकायच्या आधी ती खिडकी उघडा. आणि खोकला येत असेल, तर तो कधीपासून येतोय, ते कॅलेंडरवर बघा.

कात्रण काढून फ्रिजवर लावा

• गॅस पेटवण्याआधी पंखा, नंतर दहा मिनिटं चालू.
• खोलीत कॉइल नको, मच्छरदाणी हवी.
• ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र नाही.
• निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत नाही. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर.
• वर्षाखालच्या बाळाला मध नाही, धुरी नाही, नाकात तेल नाही.
• काढा दोन आठवडे. त्यानंतर थुंकीची तपासणी.
• खोकल्यात रक्त किंवा जोराची धाप असेल तर एक दिवसही वाट पाहायची नाही.
• हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू. तुम्हालासुद्धा!